घरच्या जलतरण तलावातील वाढलेली अल्कता

उन्हाळ्याची सुटी लागली की बंगल्याच्या किंवा फार्महाऊसच्या आवारातील जलतरण तलाव पुन्हा गजबजू लागतो. पाणी निळे दिसते, तळाच्या फरश्या मोजता येतात, क्लोरिनचा वासही येत असतो. तरीही मुलांचे डोळे चुरचुरतात, पाण्याच्या पातळीलगत फरशीवर पांढरी रेघ उमटते आणि भिंतीला शेवाळाचा बुळबुळीतपणा जाणवू लागतो. अशा वेळी बहुतेक ठिकाणी एकच उपाय केला जातो, तो म्हणजे आणखी क्लोरिन टाकण्याचा. दोन दिवस बरे वाटते आणि तक्रारी पुन्हा सुरू होतात. अशा अनेक तलावांत दोष क्लोरिनच्या प्रमाणात नसून पाण्याच्या वाढलेल्या अल्कतेत असतो. ही अल्कता डोळ्यांना दिसत नाही आणि तिला वास वा चव नसते. त्यामुळेच ती तपासायचे राहून जाते.

अल्कता म्हणजे काय?

पाणी तपासणीच्या अहवालात ‘टोटल अल्कलिनिटी’ या नावाने जी नोंद असते, ती एकूण अल्कतेची. आम्ल मिसळल्यावर ते पचवून टाकण्याची पाण्याची क्षमता म्हणजे अल्कता. ही क्षमता मुख्यतः पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमुळे आणि काही अंशी कार्बोनेटमुळे येते. ती कॅल्शियम कार्बोनेटच्या तुलनेत, मिलिग्रॅम प्रतिलिटर या एककात सांगितली जाते.

अल्कता आणि सामू यांची अनेकदा गल्लत केली जाते. सामू म्हणजे पाणी त्या क्षणी किती आम्लधर्मी वा आम्लारिधर्मी आहे याचे माप, तर अल्कता म्हणजे त्या सामूला जागेवर धरून ठेवणारी शक्ती. अल्कता फार कमी असेल तर थोड्याशा रसायनानेही सामू वर-खाली होतो. ती योग्य असेल तर सामू स्थिर राहतो. ती फार वाढली तर मात्र सामू सतत वर सरकत राहतो आणि आम्ल टाकून खाली आणला तरी काही दिवसांत पुन्हा चढतो.

घरगुती तलावासाठी ८० ते १२० मिलिग्रॅम प्रतिलिटर एवढी अल्कता सर्वसाधारणपणे योग्य मानली जाते. ब्लीचिंग पावडर किंवा सोडियम हायपोक्लोराइट वापरणाऱ्या तलावात ती ८० ते १०० च्या दरम्यान असलेली बरी. मिठापासून क्लोरिन तयार करणारे यंत्र बसवलेले असेल, तर सामू आपोआप चढत असल्याने ६० ते ८० एवढीही पुरते.

ती वाढते कशी?

पहिले कारण पाण्याच्या उगमातच असते. दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडकातून झिरपणारे भूजल बहुतांशी कॅल्शियम-मॅग्नेशियम बायकार्बोनेट प्रकारचे असते. त्यामुळे विंधन विहिरीचे पाणी तलावात घेतले की अल्कता पहिल्या दिवसापासूनच जास्त असते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात (आयएस १०५००:२०१२) अल्कतेची स्वीकारार्ह मर्यादा २०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत मुभा आहे. म्हणजे पिण्यास चालणारे पाणीही तलावासाठी जड ठरू शकते. सह्याद्रीतील धरणांचे पाणी याउलट साधारणतः मृदू असते. कोकणातील जांभ्या दगडाच्या भागातील विहिरींचे पाणी तर बऱ्याचदा किंचित आम्लधर्मी असते. एकाच मालकाचे अलिबागला आणि पुण्याजवळ असे दोन तलाव असतील, तर दोन्हींसाठी एकच नियम लावून चालत नाही.

दुसरे कारण बाष्पीभवन. वाफ होऊन उडते ते केवळ पाणी; क्षार मागेच राहतात. १० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल असा तलाव घेतला, तर त्यात ५० हजार लिटर पाणी मावते. उन्हाळ्यात रोज ६ मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तर दिवसाला २४० आणि महिन्याला ७,२०० लिटर पाणी भरावे लागते. भरतीचे पाणी ३५० मिलिग्रॅम अल्कतेचे असेल, तर एका महिन्यातच तलावाची अल्कता सुमारे ५० मिलिग्रॅमने वाढते. मार्चमध्ये ठीक असलेले पाणी मे महिन्यात बिघडलेले आढळते, ते यामुळे.

तिसरे कारण माणसांच्या हातून घडते. सामू थोडा उतरला की मुठीने धुण्याचा सोडा टाकला जातो. त्याने सामूबरोबर अल्कताही वाढते. ब्लीचिंग पावडरमध्ये चुन्याचा अंश असतो. तिच्या सततच्या वापराने सामू आणि जडपणा दोन्ही वाढतात. नव्या तलावाच्या सिमेंटच्या गिलाव्यातूनही पहिले काही महिने चुना पाण्यात उतरत राहतो.

क्लोरिन असूनही संरक्षण नाही

अल्कता वाढल्याचा खरा धोका क्लोरिनशी निगडित आहे. क्लोरिन पाण्यात टाकल्यावर त्याची दोन रूपे होतात. हायपोक्लोरस आम्ल हे जंतुनाशनात प्रभावी रूप असते. हायपोक्लोराइट हे दुसरे रूप त्या मानाने फार दुबळे असते. कोणते रूप किती राहील हे सामूवर ठरते. स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यात सामू ७.२ असताना सुमारे दोन तृतीयांश क्लोरिन प्रभावी रूपात असतो. ७.५ ला तो निम्म्यावर येतो, ८ ला जेमतेम पाव उरतो आणि ८.५ ला दहाव्या हिश्श्याच्या आसपास. तपासणी संचात क्लोरिनचा आकडा मात्र तेवढाच दिसतो. कागदोपत्री तलाव सुरक्षित असतो. प्रत्यक्षात कानाचे आणि त्वचेचे संसर्ग घडवणाऱ्या जंतूंना मोकळे रान मिळते.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राच्या शिफारशीनुसार तलावाचा सामू ७.० ते ७.८ आणि मुक्त क्लोरिन किमान १ मिलिग्रॅम प्रतिलिटर असावा. स्टॅबिलायझर वापरल्यास किमान २ असावा. उग्र वास हा स्वच्छतेचा पुरावा नव्हे. घाम आणि लघवीतील द्रव्यांशी क्लोरिनचा संयोग होऊन बनणाऱ्या क्लोरामाइनचा तो वास असतो.

दुसरा परिणाम दृश्य असतो. अल्कता, सामू आणि कॅल्शियमचा जडपणा हे तिन्ही वाढले की कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात विरघळलेले राहू शकत नाही. पाणी दुधाळ होते, फरशीवर पांढरा थर बसतो, गाळणीतील वाळूचे कण एकमेकांना चिकटतात आणि पाणी तापवण्याच्या यंत्राच्या नळ्यांत खडा धरतो. पाणी थर बसवणारे आहे की सिमेंट व धातू खाणारे आहे, हे ठरवण्यासाठीचा निर्देशांक कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्फ्रेड लॅंगेलियर यांनी १९३६ मध्ये मांडला. आजही तलावांच्या देखभालीत तोच वापरला जातो.

मोजणी कशी करावी?

अंदाजाने औषध देऊ नये, हा नियम पाण्यालाही लागू आहे. बुडवून रंग पाहण्याच्या पट्ट्या केवळ ढोबळ कल्पना देतात. आम्ल टाकण्याचा निर्णय घ्यायचा असेल, तर थेंब मोजण्याचा संच वापरावा. यात तलावाच्या पाण्याच्या नमुन्यात प्रथम क्लोरिन निष्प्रभ करणारे द्रव्य आणि नंतर रंगदर्शक घालतात. पाणी हिरवे होते. मग ते लाल होईपर्यंत सौम्य आम्लाचे थेंब टाकून मोजतात. बऱ्याच संचांत २५ मिलिलिटर नमुन्याला एक थेंब म्हणजे १० मिलिग्रॅम असे गणित असते. २२ थेंब लागले, तर अल्कता २२० मिलिग्रॅम.

नमुना कठड्याजवळच्या पृष्ठभागावरून न घेता कोपरभर खोलीवरून आणि पाणी आत सोडणाऱ्या नळापासून दूर घ्यावा. क्लोरिनच्या ट्रायक्लोर गोळ्या वापरल्या जात असतील, तर त्यांच्यातील सायन्युरिक आम्ल पाण्यात साठते आणि अल्कतेच्या आकड्यात मिसळते. अशा वेळी सायन्युरिक आम्लाच्या आकड्याचा साधारण एक तृतीयांश भाग एकूण अल्कतेतून वजा करावा. एकूण अल्कता १३० आणि सायन्युरिक आम्ल ९० असेल, तर खरी अल्कता सुमारे १०० धरावी. ती उतरवण्याचे कारणच नाही.

कमी करण्याची रीत

अल्कता कमी करण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे आम्ल. त्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. ते बाजारात ३० ते ३३ टक्के तीव्रतेचे मिळते. न्हाणीघर धुण्याच्या रंगीत आणि सुवासिक ॲसिडच्या बाटल्या या कामासाठी वापरू नयेत. ३१ ते ३२ टक्क्यांचे आम्ल असल्यास दर हजार लिटर पाण्यामागे १० मिलिग्रॅम अल्कता उतरवण्यास सुमारे २० मिलिलिटर लागते. ५० हजार लिटरच्या तलावाला हे प्रमाण बरोबर एक लिटर पडते. अल्कता २२० वरून १०० वर आणायची, तर एकूण बारा लिटर आम्ल हवे. कोरडे आम्ल म्हणून मिळणारे सोडियम बायसल्फेट वापरल्यास प्रत्येक १० मिलिग्रॅमसाठी याच तलावाला साधारण १.३ किलो लागते. मात्र त्याने पाण्यात साठणारे सल्फेट सिमेंटला हानिकारक असते.

हे बारा लिटर एकाच दिवशी टाकणे ही सर्वांत मोठी चूक होय. आम्लाने अल्कतेबरोबर सामूही उतरतो. एकदम ओतल्यास तो धोकादायक पातळीपर्यंत घसरतो. कातडी व डोळ्यांना इजा होते आणि गिलावा व धातूचे भाग खाल्ले जातात. आम्ल एकाच जागी ओतले की केवळ अल्कता उतरते आणि सर्वत्र पसरवले की केवळ सामू उतरतो, असा एक समज प्रचलित आहे. तो खोटा आहे. तेवढेच आम्ल तेवढीच अल्कता खाते, ते कसेही टाकले तरी. एका जागी ओतल्याने फक्त तेथील गिलावा खराब होतो.

मग सामू न बिघडवता अल्कता उतरवायची कशी? याचे उत्तर हवेत आहे. आम्लाने बायकार्बोनेटचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये होते. हा वायू पाण्यात विरघळून राहतो आणि सामू खाली ओढून धरतो. सोडावॉटरची बाटली उघडून ढवळली की वायू निघून जातो, तसेच येथे करावयाचे असते. कारंजे सुरू ठेवले, पाणी आत सोडणाऱ्या नळांची तोंडे वर करून पृष्ठभाग खळखळत ठेवला किंवा धबधब्यासारखी धार सोडली की कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो. सामू वर येतो, पण अल्कता उतरलेलीच राहते.

प्रत्यक्ष कृती अशी आहे. प्रथम सामू व अल्कता मोजावी. पंप सुरू असताना, तलावात कोणी नसताना, मोजलेले आम्ल खोल भागात पाण्याच्या प्रवाहासमोर बारीक धारेने सोडावे. ५० हजार लिटरच्या तलावात सामू ७.८ व अल्कता २२० असेल, तर पहिल्या खेपेस दीड लिटर पुरे. पाणी नीट फिरू देऊन काही तासांनी सामू मोजावा. तो ७.२ च्या आसपास आला की थांबावे. ७ च्या खाली कधीही जाऊ देऊ नये. त्यानंतर पाणी खळखळते ठेवावे. सामू पुन्हा ७.६ ते ७.८ वर आला की दुसरी खेप द्यावी. एका खेपेत अल्कता साधारण १५ ते २० मिलिग्रॅमने उतरते आणि ती कमी होत जाईल तसे आम्लही कमी लागते. म्हणून प्रत्येक खेपेस मोजूनच प्रमाण ठरवावे. या कामाला दोन-तीन आठवडे लागू शकतात. या काळात पोहण्यास हरकत नाही. मात्र आम्ल पूर्ण मिसळल्यावर, सामू ७.२ वा त्याहून अधिक असल्याचे पाहूनच तलावात उतरावे.

तुरटीने पाणी निवळते आणि अल्कताही थोडी कमी होते. पण एवढी मोठी घट साधण्यासाठी लागणारी तुरटी गाळणी चोंदून टाकील. तो उपाय गढूळपणावरचा आहे.

तलाव रिकामा करावा का?

पाणी बिघडले की तलाव उपसून नव्याने भरणे हा सोपा मार्ग वाटतो. या मार्गाने ५० हजार लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर, वाया जाते. शहरी पाणीपुरवठ्याचे नियोजन दरडोई दररोज १३५ लिटर गृहीत धरून केले जाते. त्या हिशेबाने हे सुमारे ३७० माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. २०१६ च्या दुष्काळात मैदानावर मारल्या जाणाऱ्या पाण्याच्या प्रश्नावरून मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला होता. ज्या राज्यात ही वेळ आली, तेथे हा हिशेब नजरेआड करता येत नाही.

शिवाय या खर्चाने प्रश्न सुटेलच असे नाही. पुष्कळसे टँकर विंधन विहिरींवरच भरले जातात. ज्या पाण्याने अल्कता वाढली, तेच पाणी पुन्हा भरून काय साधणार? ६० मिलिग्रॅम अल्कतेचे मृदू पाणी उपलब्ध असले, तरी २२० वरून १०० वर येण्यासाठी तलावातील तीन चतुर्थांश, म्हणजे साडेसदतीस हजार लिटर पाणी बदलावे लागते. पावसाळ्यात आणखी एक धोका असतो. जमिनीतील पाण्याची पातळी वर असताना तलाव रिकामा केला, तर खालून येणाऱ्या दाबाने तळ उचलला जाऊन भेगा पडू शकतात. जडपणा किंवा सायन्युरिक आम्ल हाताबाहेर गेले असेल, तरच पाण्याचा काही भाग बदलण्याचा विचार करावा; तोही भरतीचे पाणी तपासून.

आम्ल हाताळणाऱ्याची सुरक्षितता

घरच्या तलावात आम्ल टाकण्याचे काम मालक स्वतः क्वचितच करतो. ते बहुधा माळ्याकडे किंवा राखणदाराकडे सोपवलेले असते आणि अनेकदा तो उघड्या हातांनी, अनवाणी पायांनी, डोळ्यांवर काहीही न लावता ते ओतत असतो. हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ श्वसनमार्ग जाळते. एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. रबरी हातमोजे, बंद चष्मा, रबरी बूट आणि पूर्ण अंग झाकणारे कपडे पुरवणे ही मालकाची जबाबदारी आहे.

आम्ल पातळ करायचे असेल, तर प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी घेऊन त्यात आम्ल घालावे. आम्लावर पाणी कधीही ओतू नये. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर, हायपोक्लोराइट किंवा क्लोरिनच्या गोळ्या यांचा परस्परांशी संपर्क येऊ देऊ नये. एकच बादली, एकच मग दोन्हींसाठी वापरला, तरी विषारी क्लोरिन वायू सुटू शकतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूवर सोडलेला वायू हाच. दोन्ही रसायने वेगवेगळ्या, हवेशीर व कुलूपबंद जागी ठेवावीत. पंपाच्या खोलीत आम्ल ठेवल्यास त्याच्या वाफेने यंत्रे गंजतात.

आम्ल अंगावर पडल्यास भिजलेले कपडे काढून तो भाग वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटे धुवावा. डोळ्यात गेल्यास पापण्या उघड्या ठेवून तसेच धुवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०१३ च्या आदेशानंतर किरकोळ आम्लखरेदीसाठी छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवणे व कारण नोंदवणे बंधनकारक आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीला ते विकता येत नाही. त्यामुळे घरातील मुलाला दुकानात पाठवू नये.

पुन्हा वाढू नये म्हणून

तलाव वापरात नसताना त्यावर आच्छादन घातले, तर बाष्पीभवन बरेच घटते. त्याने पाणी वाचते आणि अल्कताही हळू वाढते. भरतीच्या पाण्याची तपासणी वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, करून घ्यावी. उन्हाळ्यात तलावातील अल्कता आठवड्यातून एकदा आणि सामू व क्लोरिन रोज मोजून वहीत नोंदवावे. पंपाच्या खोलीत टांगलेल्या अशा वहीवरून महिनाभरात पाण्याचा कल स्पष्ट दिसू लागतो.

पावसाळ्यात चित्र पालटते. पावसाच्या पाण्यात अल्कता जवळपास नसते. लोणावळ्यासारख्या अतिपावसाच्या ठिकाणी तलाव भरून वाहू लागला की अल्कता झपाट्याने उतरते आणि ८० च्याही खाली जाऊ शकते. म्हणून मेअखेरीस अल्कता १२० च्या थोडी वर असेल, तर नवे आम्ल विकत घेण्याऐवजी पावसाची वाट पाहणे शहाणपणाचे. ती फार उतरल्यास खायचा सोडा वापरावा. ५० हजार लिटरला १० मिलिग्रॅम वाढीसाठी सुमारे ८४० ग्रॅम पुरतो.

आकडा गाठणे हे यातील साध्य नव्हे. अल्कता १३० असूनही सामू ७.६ च्या आसपास आठवडाभर स्थिर राहत असेल, थर बसत नसेल आणि क्लोरिन आपले काम करत असेल, तर त्या पाण्याला हात लावू नये. सामू वारंवार चढत असेल, तर मात्र क्लोरिनचा डबा उघडण्यापूर्वी अल्कता मोजावी.